वाघमारे सरांची भीती

आमचे बास्केटबॉलचे कोच वाघमारे सर मॅच सुरू झाली की मैदानाकडे पाठ करून उभे राहत.

पंचांनी मधोमध चेंडू वर उडवला की सर गर्रकन वळायचे, ते शेवटची शिट्टी होईपर्यंत समोर जे असेल त्याच्याकडे बघत उभे. लिंबाचं झाड असेल तर झाडाकडे, भिंत असेल तर भिंतीकडे आणि काहीच नसेल तर उघड्या माळाकडे. हात मागे बांधलेले, मान एका बाजूला कललेली. बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस स्वतःच्याच टीमवर रुसला आहे. पण त्याच अवस्थेत त्यांच्या सूचना चालू असायच्या. "महेबूब, किती येळ चेंडू आपटायलास, दे की कुणाला तरी!" "बिरू, पाय वडायलास, उचल पाय!" आणि सूचना दर वेळी बरोबर असायची. महेबूब खरंच चेंडू सोडत नसायचा आणि मी खरंच पाय ओढत असायचो.

एकदा महेबूबनं विचारलंच. तो आमचा कॅप्टन. बसस्टँडसमोर त्याच्या अब्बांचं सायकलचं दुकान होतं, आणि कुणालाही काहीही विचारायला तो घाबरत नसे.

"सर, न बघता कळतंय कसं तुमाला?"

"ऐकू येतंय की. चेंडू बोलतो. पाय बोलतेत."

"मग बघत का न्हाई?"

सरांनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली घेतला. "बघवत न्हाय बाबा. तुमी उडी मारली की माझ्या पोटात गोळा उठतो. कुणाचा पाय मुरगळंल, कुणाचं डोकं फुटंल. लई डेंजर खेळ हाय ह्यो."

ज्या माणसानं आम्हाला तो खेळ शिकवायचा, त्याचं खेळाबद्दल हे मत होतं.

मी बिरू. माकणीच्या बाजूला आमची धनगरांची दहा-बारा घरं. घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. टीममध्ये माझी निवड कशी झाली हे सांगायला लाज वाटते, पण माझी उंची सहा फूट एक इंच होती आणि कॉलेजात तेवढ्या उंचीची दुसरी वस्तू म्हणजे झेंड्याचा खांब होता. आधी आम्हाला खेळ शिकवायला हिंदीचे सर होते. ते खुर्चीवर बसून पेपर वाचायचे आणि मधूनच "शाबाश" म्हणायचे. त्यांची बदली झाली आणि बातमी आली की नवे कोच येणार, खास बास्केटबॉलचं शिकून आलेले. नाव वाघमारे.

नावानंच आम्ही गार झालो. होस्टेलवर तीन दिवस अफवा फिरत होत्या. कुणी म्हणालं, मिलिटरीत होते. कुणी म्हणालं, मागच्या गावी एका पोराच्या कानफटात दिली तर पोराला अजून ऐकू येत नाही. चौथ्या दिवशी सकाळी आम्ही मैदानावर रांगेत उभे राहिलो. आणि लांबून एक पाच फूट दोन इंचांचा, खाकी अर्ध्या चड्डीतला माणूस सायकल हातात धरून चालत आला. आम्हाला वाटलं, पंक्चर असेल. नंतर कळलं की चढावर सायकल चालवणं डेंजर आणि उतारावर तर त्याहून. आमच्या गावात सपाट रस्ता नव्हताच.

त्यांनी आमच्याकडे खालून वर बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "पडायला येतंय का?"

आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो.

"पडायला येत न्हाय अन् खेळायला निघालेत," सर म्हणाले. "चला, पडा."

पहिले पंधरा दिवस आम्ही फक्त पडलो. पुढं पडलो, मागं पडलो, कुशीवर पडलो. आमचं मैदान मुरुमाचं. कोपर सोलून निघायचं, आणि सर पत्र्याच्या डब्यातून टिंक्चरची बाटली आणि कापूस घेऊन स्वतः धावत यायचे, टिंक्चर लावताना आमच्याआधी स्वतःच "स्स" करायचे. पलीकडच्या रस्त्यानं कामावर जाणाऱ्या बाया थांबून बघायच्या. एकीनं विचारलंही, "काय वो मास्तर, पोरांना मिरगी आली का?"

ते दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. हे न सांगता पुढं जाता येणार नाही, कारण त्या वर्षी सगळ्याच गोष्टींची भीती वाटायची. वर बघितलं की भीती वाटायची, कारण आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ असायचं. घरून पत्र आलं की भीती वाटायची. गावाकडचे निम्मे लोक सरकारी कामावर खडी फोडत होते. आमच्या होस्टेलच्या मेसमध्ये मिलोची, म्हणजे अमेरिकेहून आलेल्या लाल ज्वारीची भाकरी मिळायची, आणि तीही खेळाडूंनाच दोन वेळ. हा हुकूम संस्थेच्या अध्यक्षांचा, म्हणजे अण्णासाहेबांचा. अण्णासाहेबांना दोनच वेडं होती. एक, आमच्या कॉलेजात जिल्ह्याची बास्केटबॉलची ढाल आणायची. दोन, आमच्या माळावर सहकारी साखर कारखाना काढायचा. ऊस कुठं नव्हता, पाणी त्याहून नव्हतं, पण कारखाना होणार होता.

सरांना मात्र खाण्याची नाही, पाण्याची काळजी. प्रॅक्टिस पहाटे उजाडताच सुरू आणि ऊन भिंतीवर चढलं की बंद. मैदानाच्या कडेला दोन घागरी ठेवलेल्या असायच्या. त्या सर कुठून आणतात हे आम्ही कधी विचारलं नाही. त्या वयात पाणी समोर आलं की माणूस पितो. गूळ आणि मीठ घातलेलं ते पाणी प्रत्येकानं त्यांच्यासमोर उभं राहून प्यायचं. सर आमच्या गळ्याकडे बघत राहायचे. घाटी हलली की म्हणायचे, "हां. अजून एक घोट. चोरू नगंस, मला दिसतंय." मॅच न बघणारा माणूस पाणी पिताना मात्र डोळे फाडून बघायचा.

सरांच्या लेखी डेंजर नसलेली वस्तू पृथ्वीवर नव्हती. एस.टी.ची पुढची सीट डेंजर, कारण धडक. मागची सीट डेंजर, कारण उसळी. मधल्या सीटवर बसले तर म्हणायचे, "हितनं भाईर पडायला येळ लागतो." स्टो डेंजर. विहीर डेंजर. मारकुटी म्हैस डेंजर आणि गरीब म्हैस जास्ती डेंजर, कारण तिचा भरवसा वाटतो. ते गावाच्या टोकाला, पार ओढ्याकडं, एका खोलीत एकटे राहायचे. गावात खोली का मिळाली नाही ते आम्हाला माहीत होतं, सगळ्या गावालाच माहीत होतं, आणि सर त्याबद्दल एक शब्द बोलायचे नाहीत. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली चटई, कोपऱ्यात ट्रंक. सुट्टीत सगळे मास्तर आपापल्या गावी जायचे. सर जायचे नाहीत. विचारलं तर म्हणायचे, "प्रवास लई डेंजर."

स्पर्धा दुष्काळामुळं लांबत लांबत थेट मार्चात गेल्या. मार्चातली उन्हं म्हटल्यावर सरांनी एक नवीन शोध लावला. कांदा. उन्हात कांदा जवळ बाळगला की झळ लागत नाही, हे आमच्या घरच्यांनाही मान्य होतं. पण बास्केटबॉलच्या चड्डीला खिसा नसतो. सरांनी शिंप्याकडून दहाच्या दहा चड्ड्यांना उजव्या बाजूला खिसे शिवून घेतले आणि प्रत्येकाच्या खिशात एक-एक लाल कांदा घातला.

पहिली मॅच कळंबला. बाजाराचा दिवस, मैदानाभोवती तोबा गर्दी. आम्ही मैदानात उतरलो तर सगळ्यांच्या उजव्या मांडीला टेंगूळ. लोक हसायला लागले. पाचव्या मिनिटाला मी रिंगखाली उडी मारली आणि माझा कांदा खिशातून उडाला, टप्पे घेत थेट समोरच्या टीमच्या गड्याच्या पायाखाली. तो घसरला. पंचांनी शिट्टी फुंकली आणि कांदा हातात घेऊन बराच वेळ विचार केला. नियमांच्या पुस्तकात कांदा नव्हता. शेवटी ते आमच्या सरांच्या पाठीकडे बघून ओरडले, "अहो कोच, ही मॅच आहे का आठवडी बाजार?"

सर वळले नाहीत. भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले, "पंचसाहेब, कांदा फेकू नका. पोराला परत द्या."

ती मॅच आम्ही जिंकली. लोक आमचे कांदे बघण्यात गुंतले आणि समोरचे खेळाडू आमच्या खिशांकडे लक्ष ठेवण्यात, असं महेबूबचं म्हणणं. मला वाटतं, आम्ही चांगलं खेळलो. आम्हाला पडायची भीती उरली नव्हती, एवढाच आमच्यात आणि त्यांच्यात फरक होता.

दुसरी मॅच हायवेच्या पलीकडच्या एका गावी. तीही जिंकली, पण परत यायला एस.टी. आली नाही. शेवटी एका मालट्रकवाल्यानं आम्हाला मागं पोत्यांवर बसवलं. सर पुढं, ड्रायव्हरच्या शेजारी. मागून आम्हाला फक्त सरांचा आवाज ऐकू येत होता. "दादा, काल झोपलावता का नीट?" "दादा, बिरीक बघून घेतलाव का?" "दादा, डोळं मिटायलेत का तुमचे? मिटले तर सांगा." ड्रायव्हरला डुलकी लागू नये म्हणून ते अखंड बोलत होते. नळदुर्गजवळच्या ढाब्यावर ड्रायव्हरनं ट्रक थांबवला, खाली उतरला आणि सरांसमोर दोन्ही हात जोडले. "गुरुजी, एक तर तुमी मागं बसा, न्हायतर म्या मागं बसतो."

आम्ही पोट धरून हसलो. सर हसले नाहीत. ते ट्रकच्या मागं आले आणि बोट दाखवत आम्हाला मोजायला लागले. दहा भरले. पुन्हा मोजले. पुन्हा दहा. तेव्हा कुठं त्यांनी चहा घेतला.

आणि मग फायनल आली.

अण्णासाहेबांनी वजन वापरून ती आमच्याच गावाला ओढून आणली होती. त्याच दिवशी माळावर कारखान्याचं भूमिपूजन, मुंबईहून मोठे पाहुणे येणार, आणि पाहुण्यांच्या हस्ते ढाल दिली जाणार. आदल्या दिवशी त्यांनी आम्हाला बंगल्यावर बोलावलं. अण्णासाहेब कधी ओरडायचे नाहीत. हळू बोलायचे, आणि म्हणूनच त्यांच्यासमोर सगळ्यांची बोबडी वळायची.

"ढाल आली तर खेळाडूंची मेस परीक्षेपर्यंत चालू," ते म्हणाले. "नाही आली तर संस्थेला परवडायचं नाही. दिवस कसे आहेत तुम्हाला माहीत आहे."

आम्हाला माहीत होतं. मेस बंद म्हणजे होस्टेल बंद, होस्टेल बंद म्हणजे परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही म्हणजे घरी जाऊन खडी. सर दाराशी उभे होते.

"आणि वाघमारे," अण्णासाहेब म्हणाले, "ते कांदे. पाहुण्यांसमोर शोभा नको."

"व्हय साहेब," सर म्हणाले. त्यांचा आवाज जेमतेम फुटला.

मॅच सकाळी सातला ठरली होती. सातला आम्ही तयार होतो. आठ वाजले, पाहुणे आले नाहीत. नऊ वाजले. मंडपाची सावली पाहुण्यांच्या खुर्च्यांवर, आम्ही उघड्यावर. सरांनी दोन्ही घागरी दहापर्यंत आम्हाला पाजून संपवल्या आणि रिकाम्या घागरी घेऊन कुठंतरी पळत गेले. पाऊण तासानं एक अर्धी भरून घेऊन आले. सदरा घामानं अंगाला चिकटलेला. पंचांकडे गेले, हात जोडून म्हणाले, संध्याकाळी चारला खेळवा. पंचांनी मंडपाकडे बोट दाखवलं. सर मंडपाकडे चार पावलं गेले, अण्णासाहेबांनी वर बघितलं, आणि सर परत आले.

पावणेबाराला धुरळा उडवत गाड्या आल्या. हारतुरे, भाषण. बरोबर साडेबाराला चेंडू उडाला आणि सर माळाकडे तोंड करून उभे राहिले.

मला त्या मॅचमधलं तुकड्यातुकड्यानंच आठवतं. मुरूम तव्यासारखा तापला होता, कॅनव्हासच्या बुटातून तळवे भाजत होते. हाफटाइमला आम्ही दोन गुणांनी मागं होतो. अर्ध्या घागरीतलं पाणी दहा जणांत किती पुरणार? सरांनी सगळ्यांना एक-एक पेला दिला आणि मला दोन. "तू सगळ्यात उंच. तुला ऊन आधी लागतं," म्हणाले. हे शास्त्र कुठलं ते देव जाणे.

दुसऱ्या हाफला आम्ही पुढं गेलो. चार गुण, मग सहा. माझ्या डोक्यात सारखं एकच चाललं होतं, मेस, मेस, मेस. गर्दीचा आवाज लांब लांब जायला लागला. बोर्ड एकाचे दोन दिसायला लागले, तर मी त्यातल्या डावीकडच्यावर मारायचो आणि चेंडू आत जायचा.

"बिरू!" सरांचा आवाज आला, पाठमोराच. "पाय का असा पडायलाय तुझा?"

बोलायला जीभ उचलत नव्हती.

"बिरू, घाम पूस तोंडावरचा!"

मी मनगट कपाळावर फिरवलं. पुसायला घामच नव्हता. कपाळ कोरडं, चुलीच्या दगडासारखं. आणि त्या उन्हात माझ्या अंगावर सरसरून काटा आला. माझ्या आयुष्यात मला तेवढी भीती आधीही कधी वाटली नव्हती आणि नंतरही नाही.

तेव्हा सर वळले. साऱ्या सीझनमध्ये पहिल्यांदा. माझ्याकडे बघितलं आणि शिट्टी तोंडात घालून इतक्या जोरात फुंकली की दोन्ही टीम जागच्या जागी थांबल्या. खेळ चालू असताना कोचनं मैदानात यायचं नसतं. सर धावत आत आले, टाचा उंच करून माझ्या मानेला हात लावला.

"अंग भाजायलंय," ते म्हणाले. आणि मग मोठ्यानं, "खेळ बंद. माझी पोरं खेळणार न्हाईत."

"फक्त ह्याला बाहेर काढा की," पंच म्हणाले. "बदली द्या."

"बदली कुणाला देऊ? समदी तापलीत. चार वाजता खेळू. ऊन उतरू द्या."

"टीम बाहेर गेली तर मॅच गेली, वाघमारे. नियम आहे."

महेबूब रडवेला झाला. "सर, जितेली मॅच हाय! सात मिनटं राहिलीत! नक्को सर, मेस जाईल!"

तोवर अण्णासाहेब मंडपातून उठून आले होते. ते नेहमीसारखंच हळू बोलले. "वाघमारे, पाहुणे बसलेत. मॅच सुरू करा."

सरांचा एक हात माझ्या दंडाला होता. तो त्यांनी काढला नाही.

"साहेब," सर म्हणाले, "मला तुमची लई भीती वाटती. पैल्या दिवसापासनं वाटती. पण आता ह्या पोराची जास्ती वाटायली."

एवढं बोलून त्यांनी मला धरून चालवायला सुरुवात केली. चौथ्या पावलाला माझ्या डोळ्यांसमोर अंधार आला. महेबूब नंतर सांगायचा, तू काय झकास पडलास, अगदी शिकवल्यासारखा, कुशीवर.

पुढचं सांगून टाकतो. ढाल गेली. मेस आठवड्याच्या आत बंद झाली. आमची टीम सरांवर इतकी चिडली की दोन दिवस त्यांच्याशी कुणी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी सर होस्टेलवर आले आणि म्हणाले, ज्याला घरी जायचं न्हाय त्यानं माझ्याकडं जेवायला यावं. परीक्षेपर्यंत आम्ही पाच जण, महेबूबसकट, ओढ्याकडच्या त्या खोलीत जेवलो. महेबूबचं घर गावातच होतं, तरी तो यायचा. सर स्टोला हातभर लांबून पंप मारायचे आणि काडी पेटवायला आम्हाला कधी जवळ येऊ द्यायचे नाहीत. सरांची नेमणूक तात्पुरती होती. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर ती पुढं चालली नाही. ते कुठं गेले हे आम्हाला नीट कळलं नाही. मी परीक्षा पास झालो, पुढं बँकेत लागलो. कारखाना मात्र बरीच वर्षं नुसता दगडच राहिला.

पण मला सांगायचं आहे ते दवाखान्यातल्या दुसऱ्या दिवसाचं.

सरकारी दवाखान्याच्या लांबट खोलीत मी पडून होतो. हाताला सलाईन, कपाळावर ओला पंचा. सर खाटेशेजारच्या स्टुलावर बसून होते. कालपासून तसेच. नर्सनं सांगितलं होतं की आता धोका नाही, तरी दर थोड्या वेळानं ते माझं मनगट हातात घ्यायचे, ओठ हलवत ठोके मोजायचे आणि परत ठेवायचे. डोळे लाल झाले होते. दुपारी दारात माझा बा आला. कुणीतरी गावी निरोप दिला होता. तो पहाटे निघून चालत, मिळेल त्या वाहनानं आला होता. पांढरी बंडी, तांबडं पागोटं, खांद्यावर घोंगडी. त्यानं मला बघितलं, माझ्या छातीवर हात ठेवला, आणि मग सरांच्या पायाशी वाकला. सर दचकून उठले, भिंतीला जाऊन टेकले.

"न्हाय न्हाय, तुमी मोठे हाव माझ्यापेक्षा."

"माझं पोरगं वाचीवलं तुमी."

"म्याच उन्हात उभं केलतं त्येला," सर म्हणाले.

बा जमिनीवर बसला. सर पुन्हा स्टुलावर. आमच्याकडं ओळख नसली की माणसं घरचं विचारतात. बानंही विचारलं.

"लेकरं किती तुमास्नी, गुर्जी?"

सर माझ्या मनगटाकडे बघत होते. मला वाटलं, त्यांनी ऐकलंच नाही.

"एक व्हती," ते म्हणाले. "पोरगी. सात वर्साची."

बानं डोक्यावरचं पागोटं काढून मांडीवर घेतलं.

"गेल्या साली. टँकरच्या रांगंत हुबी व्हती, दुपारची, घागर घेऊन. म्या पोरांना मॅचला घेऊन परगावी गेलतो." मग म्हणाले, "तिची आई तवापासनं माहेरीच हाय."

मी डोळे मिटून घेतले. जागा आहे हे त्यांना कळू नये असं मला वाटलं.

बा उठल्याचं मला ऐकू आलं. डोळे किलकिले करून बघितलं तर तो खांद्यावरची घोंगडी झटकत होता. त्यानं ती माझ्या खाटेशेजारी फरशीवर अंथरली, कोपरे सरळ केले.

"निजा जरा, गुर्जी," तो म्हणाला. "पोराकडं म्या बघतो."

"न्हाय, नाडी बघाय लागती ह्याची. सारखी."

"बघतो की."

"तुमाला मोजायला येतंय का?"

"जलमभर म्हेंढरं राखलीत म्या," बा म्हणाला. "पावसात, वाऱ्यात, लांडग्यात. एक पोरगं राखायचं काय अवघड हाय? निजा."

सर स्टुलावरून उठून घोंगडीजवळ आले. मग खाली बसले, हळूच आडवे झाले आणि बूट न काढताच झोपी गेले. तोंड थोडं उघडं, हात छातीशी दुमडलेले. झोपेत ते कितीतरी लहान दिसत होते.

बानं माझं मनगट हातात घेतलं. त्याला आकडे येत नव्हते, पण त्याचा अंगठा बरोबर जागी होता. दुपार कलली तसं खिडकीतलं ऊन फरशीवरून सरकत सरकत घोंगडीपर्यंत आलं आणि सरांच्या तोंडावर पडायला लागलं. सरांच्या पापण्या हलल्या. बानं माझा हात अलगद खाली ठेवला, उठला आणि खिडकीच्या कट्ट्यावर जाऊन आडवा बसला. सरांच्या तोंडावर त्याची सावली पडली.

ऊन उतरेपर्यंत तो तिथून हलला नाही.